लढवय्या माशाची मरगळ : सयामी बेट्टाच्या आकलनाची दोन शतके

घरगुती मत्स्यटाकीत पाळल्या जाणाऱ्या माशांमध्ये सयामी झुंजार मासा, म्हणजे जगभर ‘बेट्टा’ आणि भारतातील दुकानांत ‘फायटर’ या नावाने विकला जाणारा मासा, त्याच्या रंगांसाठी आणि आक्रमक स्वभावासाठी प्रसिद्ध आहे. असे असूनही त्याला पाळणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो मंदावतो, तळाशी पडून राहतो, पर मिटून घेतो आणि समोर पडलेल्या अन्नाकडेही वळत नाही. या मरगळीचा अर्थ काय, या प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे. सयामातील झुंजकरी, कोलकात्याच्या नियतकालिकात लिहिणारा डॅनिश वैद्य, पॅरिस-बर्लिनचे हौशी मत्स्यपालक, हॅम्बुर्ग आणि केंब्रिज येथील वर्तनशास्त्रज्ञ आणि अलीकडचे जनुकशास्त्रज्ञ या सर्वांनी या माशाची हालचाल आणि स्तब्धता न्याहाळली आणि प्रत्येकाने तिच्यातून आपल्या गरजेपुरता अर्थ काढला. या निबंधाचे प्रतिपादन असे की ज्या शारीरिक क्षमतेमुळे हा मासा निकृष्ट पाण्यातही तग धरतो, त्याच क्षमतेमुळे त्याच्या पालकांचा दीर्घकाळ गैरसमज झाला. तग धरणे म्हणजेच सुखरूप असणे असे मानले गेले आणि मरगळ ही जी त्या माशाची जवळजवळ एकमेव तक्रार, ती त्याचा स्वभाव म्हणून दुर्लक्षित राहिली.

भातखाचरांचा रहिवासी

‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ या जातीचे मूळ घर मध्य थायलंडमधील चाओ फ्राया नदीच्या सखल खोऱ्यात आहे. भातखाचरे, पाणथळी, कालव्यांचे गवताळ काठ आणि पावसाळ्यानंतर मागे राहिलेली डबकी अशा उथळ, संथ आणि वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात तो राहतो. नर पाण्याच्या पृष्ठभागावर लाळमिश्रित बुडबुड्यांचे घरटे बांधतो, मादीने सोडलेली अंडी तोंडाने उचलून त्या घरट्यात ठेवतो आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत त्यांची राखण करतो. अशी घरटी बहुधा दाट पाणवनस्पतींच्या आडोशाला आणि अवघ्या काही सेंटिमीटर खोल पाण्यात आढळतात. उष्ण कटिबंधातील सूर्याखाली हे उथळ पाणी दिवसा ३० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापते आणि कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यामुळे त्यातील विरघळलेला प्राणवायू अतिशय कमी होतो.

अशा पाण्यात निव्वळ कल्ल्यांच्या आधारे जगणे कठीण असल्याने बेट्टा आणि त्याचे आप्त मासे यांच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत, रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असलेल्या घड्याघड्यांच्या पातळ पत्र्यांसारखे एक इंद्रिय विकसित झाले आहे, ज्याला त्याच्या गुंतागुंतीच्या वळणांमुळे ‘लॅबिरिंथ’ म्हणतात. मासा पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो, ती हवा या पोकळीत साठवतो आणि तिच्यातील प्राणवायू थेट रक्तात घेतो. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी १८३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मत्स्यविषयक ग्रंथाच्या खंडात अशा माशांचा एक गटच कल्पिला होता. भारतातील माशांवर मूलभूत ग्रंथ लिहिणारे फ्रान्सिस डे यांनी पुढे हवा घेणाऱ्या भारतीय माशांवर प्रयोग करून दाखवले की पृष्ठभागापर्यंत पोहोचू न दिल्यास असे मासे पाण्यातच गुदमरतात. महाराष्ट्राच्या तळ्यांत आणि नद्यांत मिळणारी मरळ हीदेखील अशीच हवा घेणारी मासळी असून, ती पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहते हे बाजारात पाहिलेल्या मराठी वाचकाला या क्षमतेची कल्पना सहज येईल. पुढील सर्व इतिहासाचे मूळ या इंद्रियात आहे, कारण जे पाणी इतर माशांना काही तासांत मारते त्या पाण्यात बेट्टा आठवडेच्या आठवडे जिवंत राहू शकतो.

झुंजकऱ्यांचे ज्ञान

सयामात या माशाच्या झुंजी लावण्याची प्रथा जुनी आहे आणि आरंभी त्यासाठी खाचरांतून पकडलेले रानटी मासेच वापरले जात. एकोणिसाव्या शतकात मातीच्या भांड्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या, खास झुंजीसाठी निवडलेल्या माशांचे वाण रुळले. थाई झुंजकरी अशा वाणांना ‘लूक मो’, म्हणजे भांड्यात जन्मलेले, आणि रानात पकडलेल्यांना ‘लूक पा’ किंवा ‘लूक थुंग’ असे म्हणत. अमेरिकेच्या मत्स्यखात्याचे माजी आयुक्त ह्यू मॅकॉर्मिक स्मिथ हे १९२३ ते १९३५ या काळात सयाम सरकारचे मत्स्यव्यवसाय सल्लागार होते आणि १९२६ मध्ये स्थापन झालेल्या तेथील मत्स्यविभागाचे पहिले संचालकही तेच होते. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनात या दोन प्रकारांतला फरक स्पष्ट होतो : रानटी नर काही मिनिटांत माघार घेतात, तर भांड्यात निपजलेले नर तासन्‌तास लढत राहतात. झुंजीचा निकाल जखमांवर ठरत नसे. जो मासा पाठ फिरवून दूर जाई तो हरला असे मानले जाई.

माशाच्या मंदावण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत कठोर अर्थ या नियमात सामावलेला आहे : मंदावला तो हरला. पैज लावणाऱ्यांच्या दृष्टीने स्तब्धता हे भ्याडपणाचे लक्षण होते आणि त्या लक्षणाची निवड-वगळ पिढ्यान्‌पिढ्या होत राहिल्याने सहज माघार न घेणारा, थकवा दडवणारा मासा घडत गेला. मात्र याच लोकांना माशाच्या थकव्याचे बारीक ज्ञानही होते, कारण त्यांचा पैसा त्या ज्ञानावर अवलंबून होता. झुंजीपूर्वी नर माशांना एकमेकांच्या नजरेआड ठेवले जाई आणि त्यासाठी शेजारशेजारच्या बरण्यांमध्ये पुठ्ठ्याचे तुकडे लावले जात. भांड्यातील पाणी हाताने ढवळून माशाला प्रवाहाविरुद्ध पोहायला लावणे आणि डासांच्या अळ्यांसारखे जिवंत खाद्य देणे हा तालमीचा भाग होता. झुंजीनंतर जखमी माशाला वाळलेली बदामाची पाने भिजवलेल्या तपकिरी पाण्यात विश्रांतीसाठी ठेवत. हा बदाम म्हणजे कोकणात आणि मुंबईच्या रस्त्यांवर दिसणारा, पानगळीच्या वेळी मोठी लाल पाने टाकणारा देशी बदाम होय. त्याच्या पानांतील टॅनिन हे तुरट द्रव्य पाण्याला किंचित आम्लता आणते, आणि पानांच्या अर्काचा काही जिवाणूंवर प्रतिबंधक परिणाम होतो हे अलीकडच्या प्रयोगशाळांतूनही दिसून आले आहे. तेव्हा झुंजकऱ्याच्या लेखी मरगळ ही एकीकडे पराभवाची खूण होती, तर दुसरीकडे विश्रांती, पाणी आणि अन्न यांची मागणी होती. दुर्दैवाने माशासोबत परदेशी गेला तो पहिला अर्थ, दुसरा अर्थ सयामातच राहिला.

कँटर यांची नोंद

पाश्चात्त्य विज्ञानात या माशाची पहिली सविस्तर नोंद ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल वैद्यकीय सेवेतील डॅनिश वैद्य थिओडोर कँटर यांनी केली. सयामचा राजा तिसरा राम याच्या कारकिर्दीत, १८४०च्या सुमारास, राजाकडून कँटर यांच्या एका परिचिताला मिळालेले काही मासे कँटर यांच्या हाती आले आणि १८४९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मलाया भागातील माशांची सूची देताना त्यांनी त्यांचे वर्णन ‘मॅक्रोपोडस पुग्नॅक्स’ या नावाखाली केले. हे नाव एका वेगळ्या जातीचे आहे हे ओळखून ब्रिटिश म्युझियमचे चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात झुंजीच्या माशाला आजचे ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे नाव दिले.

कँटर यांच्या वर्णनाचे महत्त्व नामकरणापुरते नाही. मासा शांत असताना, पर मिटलेले असताना, त्याचे मळकट रंग लक्ष वेधून घेत नाहीत, परंतु दुसरा मासा समोर आणला किंवा आरशात त्याला स्वतःचे प्रतिबिंब दिसले की तो एकाएकी उत्तेजित होतो, पर फुलवतो, धातूसारखा चमकू लागतो आणि कल्ल्यांची पातळ त्वचा काळ्या झालरीसारखी बाहेर काढतो, असे त्यांनी नोंदवले. झुंजी भरवण्याचा परवाना मक्त्याने दिला जातो आणि त्यातून राजाला वार्षिक उत्पन्न मिळते, हेही त्यांनी सांगितले. या पहिल्याच शास्त्रीय वर्णनात दोन मासे आहेत, एक शांत आणि एक पेटलेला, आणि त्यांतला शांत मासा हा नेहमीचा आहे हे कँटर यांच्या मांडणीतून स्पष्ट होते. पुढे मात्र चित्रांतून, जाहिरातींतून आणि दुकानांतून पेटलेला मासाच लोकांसमोर राहिला, त्यामुळे घरी आणलेला मासा अधूनमधून पानावर विसावला किंवा दुपारी स्थिर राहिला तरी पालकाला तो आजारी वाटू लागला, आणि खरोखर आजारी मासा व विसावलेला मासा यांतला भेद ओळखणारी नजर तयार झाली नाही. निरोगी बेट्टा विसावतो तेव्हाही त्याचे डोळे हालचालीचा मागोवा घेतात, हवेसाठी तो सहज वर येतो आणि अन्न दिसताच उठतो. या तीन गोष्टी मंदावल्या तरच मरगळ म्हणणे योग्य ठरते.

युरोपातील टाकी आणि ‘काटक’ माशाची कीर्ती

घरात काचेच्या टाकीत मासे ठेवण्याची आधुनिक कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लंडनमध्ये आकाराला आली. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये एका बारा गॅलनच्या भांड्यात दोन गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवून दिले की वनस्पती सोडतात त्या प्राणवायूवर मासे जगू शकतात. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. या ‘संतुलित टाकी’च्या कल्पनेचा सारा हिशेब प्राणवायूचा होता. १८६९ मध्ये पॅरिसच्या पियेर कार्बोनिए यांनी चीनमधून आलेल्या, बेट्टाच्याच कुळातील ‘पॅरडाइज फिश’ची पैदास टाकीत केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात स्वतः बेट्टा फ्रान्स आणि जर्मनीत पोहोचला; विसाव्या शतकाच्या आरंभी तो अमेरिकेत गेला आणि १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आलेल्या एका खेपेतील फिकट अंगाच्या, लाल परांच्या माशांमुळे रंगीत वाणांची हौस तिथे फोफावली.

प्राणवायूवर आधारलेल्या त्या हिशेबात लॅबिरिंथ असलेला मासा आपोआप अपवाद ठरला. त्याला पाण्यातील प्राणवायूची गरज नाही, म्हणून त्याला मोठ्या टाकीची, वनस्पतींची किंवा हवा सोडणाऱ्या यंत्राचीही गरज नाही, असा निष्कर्ष निघाला आणि ‘काटक’ हे विशेषण त्याला कायमचे चिकटले. व्यापाराच्या दृष्टीने ही कीर्ती फारच सोयीची होती. एका नराला दुसऱ्या नरासोबत ठेवता येत नसल्याने प्रत्येकाला वेगळे भांडे लागे आणि भांडे जितके लहान तितका खर्च कमी. थायलंडमधील पैदासकेंद्रांत मद्याच्या चपट्या बाटल्यांच्या रांगाच्या रांगा या कामी वापरल्या गेल्या, आणि विमानवाहतुकीच्या काळात पसाभर पाण्याच्या प्लास्टिक पिशवीत बंद करून मासा जगभर जाऊ लागला. बाटलीतील पाणी वारंवार बदलणाऱ्या आणि उष्ण हवामानात काम करणाऱ्या थाई पैदासकाराच्या हाती जे तात्पुरते साधन होते, ते युरोप-अमेरिकेतील थंड खोल्यांत कायमचे घर बनले.

उष्णता, अमोनिया आणि फ्राय यांची चौकट

मरगळीची खरी कारणे उलगडण्यास आवश्यक असलेले ज्ञान विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, बेट्टाशी थेट संबंध नसलेल्या संशोधनातून, तुकड्यातुकड्यांनी जमा झाले. मासे अनियततापी असतात, म्हणजे त्यांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर बदलते. डॅनिश शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९१४ मध्ये रिचर्ड एगे यांच्यासह दाखवले की तापमान घटले की माशाचा श्वसनवेगही नियमित प्रमाणात घटतो. बेट्टासाठी साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस हे तापमान अनुकूल मानले जाते. पाणी २० अंशांच्या आसपास उतरले की पचन, रोगप्रतिकार आणि स्नायूंचे काम या सर्व प्रक्रिया मंदावतात आणि मासा तळाशी जातो. त्यासाठी आजाराची गरज नसते. सुरुवातीच्या जर्मन हौशी पालकांना ही गोष्ट अनुभवाने कळली होती, म्हणून ते टाकीचा तळ पाटीच्या दगडाचा करून त्याखाली दिवा किंवा वायूची ज्योत ठेवत. पण ‘काटक’ बेट्टाच्या वाडग्याला ही सोय क्वचितच लाभे.

दुसरा तुकडा अधिक महत्त्वाचा होता. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी १९२९ मध्ये सिद्ध केले की गोड्या पाण्यातील माशांच्या शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्यांचा मोठा भाग मूत्रपिंडांतून नव्हे तर कल्ल्यांतून, आणि तोही मुख्यतः अमोनियाच्या रूपात, बाहेर पडतो. बेट्टाच्या बाबतीत या शोधाचा अर्थ निर्णायक ठरतो : तो प्राणवायू हवेतून घेऊ शकतो, परंतु अमोनिया त्याला पाण्यातच सोडावा लागतो, आणि ते पाणी जितके थोडे तितका तो अमोनिया लवकर साचतो. अमोनियाने कल्ल्यांचा दाह होतो आणि मज्जासंस्थेवर परिणाम होतो. सेर्गेई विनोग्रादस्की यांनी १८९० मध्ये वेगळे करून दाखवलेले नत्रीकारक जिवाणू, जे अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, ते टाकीतील वाळू व गाळणी यांच्या पृष्ठभागावर रुजायला काही आठवडे लागतात. गाळणी नसलेल्या वाडग्यात त्यांना पुरेशी जागाच नसते. त्यामुळे लॅबिरिंथमुळे गुदमरण्यापासून वाचलेला मासा स्वतःच्याच उत्सर्गात हळूहळू विषबाधित होतो आणि या अवस्थेचे बाहेर दिसणारे पहिले लक्षण बहुधा मरगळ असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, १९०५ मध्ये इंग्लंडमधील लिंकन आणि १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी येथे, नळाच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन मिसळण्यास सुरुवात झाली. ही प्रथा शहरोशहरी पसरली आणि माणसांना रोगराईपासून वाचवणाऱ्या या उपायाने माशांच्या कल्ल्यांना आणि गाळणीतील जिवाणूंना मात्र नवा धोका निर्माण झाला.

या सर्व तुकड्यांना एकत्र बांधणारी चौकट टोरांटो विद्यापीठाचे एफ. ई. जे. फ्राय यांनी १९४७ मध्ये मांडली. पर्यावरणाचा प्राण्यांच्या क्रियाशीलतेवर होणारा परिणाम हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. प्राणी विश्रांतीत असताना किमान किती ऊर्जा खर्च करतो आणि कमाल किती करू शकतो, या दोहोंतील अंतर म्हणजे त्याच्या हालचालीला उपलब्ध असलेला वाव, असे त्यांनी मांडले. तापमानासारखे घटक चयापचयाचा वेग ठरवतात, तर प्राणवायूच्या तुटवड्यासारखे घटक त्या वावाला मर्यादा घालतात. या चौकटीतून पाहिल्यास बेट्टाची मरगळ हा दोष किंवा आळस राहत नाही. थंड पाण्याने वेग घटतो, कल्ल्यांच्या दाहाने वाव आक्रसतो, आणि जंतुसंसर्गाशी किंवा परजीवींशी लढण्यात खर्च होणारी ऊर्जा त्याच तुटपुंज्या शिलकीतून जाते, तेव्हा उरलेली शक्ती मासा हवेसाठी वर जाण्यापुरती राखून ठेवतो. अंगावर सोनेरी धूळ पसरल्यासारखा दिसणारा ‘व्हेल्व्हेट’ रोग किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग यांत परजीवी कल्ल्यांवरही बसतात, त्यामुळे ठिपके ठळक दिसण्याआधीच मासा मंदावू शकतो.

आरशासमोरचा मासा

याच काळात वर्तनशास्त्राने बेट्टाला आपल्या प्रयोगशाळेत आणले, कारण आक्रमकतेचा इतका ठळक आणि मोजण्याजोगा आविर्भाव दुसऱ्या लहान प्राण्यात सहज सापडत नव्हता. हॅम्बुर्गमध्ये याकोब फॉन उक्सक्यूल यांच्या संस्थेत हान्स लिसमान यांनी १९३२ मध्ये या माशाच्या अनुभवविश्वावर प्रबंध प्रसिद्ध केला आणि कोणत्या आकाराला, कोणत्या हालचालीला तो प्रतिस्पर्धी मानतो हे नकली माशांच्या साह्याने तपासले. तिथेच काम करणारे रुमानियाचे मिहाई बेन्युक, जे पुढे कवी म्हणून प्रसिद्ध झाले, यांनी १९३३ मध्ये बेट्टाच्या दृष्टीसंवेदनेची कालमर्यादा मोजली. सेकंदाला १८ वेळा दाखवलेले स्वतःचे प्रतिबिंब तो ओळखत नाही, त्यासाठी किमान ३० वेळा दाखवावे लागते, असे उक्सक्यूल यांनी या कामाच्या आधारे नोंदवले. माणसापेक्षा अधिक बारीक क्षणांत जग पाहणारा हा प्राणी आहे, या निष्कर्षानंतर रिकाम्या वाडग्यातील एकसुरी जगणे त्याला काही फरक पाडत नसेल असे समजणे कठीण झाले.

१९६८ हे वर्ष या अभ्यासात विशेष ठरले. एम. जे. ए. सिम्प्सन यांनी त्या वर्षी नरांच्या परस्पर आविर्भावाचे सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले आणि एफ. एल. क्लेटन व केंब्रिजचे रॉबर्ट हाइंड यांनी ‘अभ्यस्तता’ या प्रक्रियेवर प्रयोग केले. एकाच प्रकारचे उद्दीपन पुन्हापुन्हा, काहीही परिणाम न घडता मिळत राहिले की प्राण्याचा प्रतिसाद ओसरतो, याला अभ्यस्तता म्हणतात. सतत आरशासमोर ठेवलेल्या नरांचा आविर्भाव दिवसागणिक घटत गेला आणि आरसा काढल्यावर तो काही प्रमाणात परत आला. म्हणून काचेतील स्वतःच्या प्रतिबिंबावर किंवा शेजारच्या भांड्यातील नरावर आधी तुटून पडणारा मासा नंतर त्याकडे दुर्लक्ष करू लागला, तर त्यात आजारच असेल असे नाही. मात्र हा आविर्भाव फुकटचा नसतो. कल्ल्यांची झाकणे उघडून धरताना कल्ल्यांतून पाण्याचा नियमित प्रवाह अडतो, आणि त्यामुळे बेट्टाचा आविर्भाव प्राणवायूच्या पुरवठ्याशी बांधलेला आहे हे पुढील संशोधनाने दाखवले. त्यामुळे दिवसभर प्रतिस्पर्धी दिसत राहणारा मासा थकून मंदावतो आणि काहीच न घडणाऱ्या भांड्यातला मासा उद्दीपनाअभावी मंदावतो. बाहेरून दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात आणि त्यांचे उपाय परस्परविरुद्ध असतात.

सौंदर्याचे ओझे आणि वाढते वय

झुंजीसाठी निवडलेला मासा आखूड परांचा होता; प्रदर्शनासाठी निवडलेला मासा मात्र लांब, झुळझुळीत परांचा झाला. १९६६ मध्ये अमेरिकेत ‘इंटरनॅशनल बेट्टा काँग्रेस’ ही संघटना स्थापन झाली आणि परांच्या आकारांची मानके निश्चित होत गेली. शेपटी १८० अंशांत उघडणारा ‘हाफमून’ वाण १९८०–९०च्या दशकांत अमेरिका आणि फ्रान्समधील पैदासकारांच्या प्रयत्नांतून स्थिरावला. शरीराच्या लांबीइतका किंवा त्याहून मोठा पर पाण्याचा रोध वाढवतो, म्हणून तेवढेच अंतर पोहायला अशा माशाला अधिक शक्ती लागते. खोल टाकीत हवेसाठी वारंवार वर जाणे हेच त्याच्यासाठी श्रमाचे काम होते, आणि तो पृष्ठभागाजवळच्या पानावर तासन्‌तास टेकून राहतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच जवळच्या जातींतील ९८ माशांच्या जनुकसंचांवर आधारलेल्या अभ्यासाने दाखवले की बेट्टाच्या रंगांवर आणि परांच्या आकारावर माणसाच्या निवडीची तीव्र छाप मोजक्या, पण मोठा परिणाम करणाऱ्या जनुकांवर पडली आहे, आणि माणसाशी या माशाचे नाते किमान हजार वर्षांचे असावे. माशाच्या मंदावण्यातला काही भाग अशा रीतीने माणसाने स्वतः त्याच्या अंगावर चढवला आहे.

वयाचा मुद्दाही इतिहासात उशिराच लक्षात आला. पाळीव बेट्टा साधारण दोन ते चार वर्षे जगतो आणि लांब परांचा देखणा नर दुकानात येतो तेव्हा तो पूर्ण वाढलेला असतो, म्हणजे त्याच्या आयुष्यातील बराच काळ आधीच सरलेला असतो. आव्हरिल वुडहेड यांनी १९७४ मध्ये या माशाच्या वार्धक्यावर केलेल्या संशोधनातून त्याच्या शरीरातील वयोपरत्वे होणारे बदल समोर आले. म्हाताऱ्या माशाचे मंदावणे अटळ असते आणि त्याला पाणी उथळ ठेवणे, प्रवाह मंद करणे आणि अन्न थोडे पण नियमित देणे एवढाच उपाय असतो.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फुलदाणीत बेट्टा आणि वर पीस लिलीचे रोप ठेवण्याची टूम आली व मासा त्या रोपाची मुळे खाऊन जगतो असे सांगून त्या फुलदाण्या विकल्या गेल्या. प्रत्यक्षात बेट्टा हा कीटक, अळ्या आणि सूक्ष्म कवचधारी जीव खाणारा मांसाहारी मासा आहे. ‘काटक’ माशाच्या मिथकाचे हे टोक होते, कारण तिथे त्याची भूकही नाकारली गेली.

कायदा, घर आणि जबाबदारी

थायलंडने २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले, मात्र तेथे १९३५च्या जुगारविषयक कायद्यापासून माशांच्या झुंजी परवान्याच्या चौकटीत राहिल्या आहेत. भारतात प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार प्राण्यांना एकमेकांशी झुंजण्यास चिथावणे गुन्हा आहे. इटलीत मोंझा शहराने २००४ मध्ये आणि रोमने २००५ मध्ये गोल काचपात्रांत मासे ठेवण्यास मनाई केली. भांड्याचा आकार हा नीतीचा प्रश्न असू शकतो हे यातून सार्वजनिकरीत्या मान्य झाले.

महाराष्ट्रात १९५१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने मत्स्यटाकीची आवड सर्वसामान्यांपर्यंत नेली आणि क्रॉफर्ड मार्केटपासून जिल्ह्याच्या गावांतील दुकानांपर्यंत ‘फायटर’ छोट्या बरणीत विकला जाऊ लागला. मुंबईच्या दमट उकाड्यात त्या बरणीतले पाणी बरेचसे चाओ फ्रायाच्या खाचरासारखे उबदार राहते. पुणे-नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा तीच बरणी रातोरात थंडगार होते आणि सकाळी मासा तळाशी निपचित दिसतो. एकाच राज्यातील दोन घरांत एकाच माशाच्या मरगळीची कारणे इतकी वेगळी असू शकतात, म्हणून तिचा अर्थ लावण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी पाण्याचे तापमान, मग अमोनिया आणि क्लोरीन, त्यानंतर अंगावरील व कल्ल्यांवरील रोगाच्या खुणा, मग अन्नाचे प्रमाण, शेजारी दिसणारा नर किंवा भांड्याचा रितेपणा आणि शेवटी वय व परांचा भार, या क्रमाने पाहणारा पालक दोन शतकांत विखुरलेले ज्ञान एकत्र वापरत असतो. आणि आधी औषध ओतणारा पालक बहुतेक वेळा लक्षणावर उपचार करून कारण तसेच ठेवतो.

या इतिहासातून दिसते की माशाची सहनशक्ती ही पालकाला मिळालेली सवलत नाही. हवेतून श्वास घेण्याची क्षमता बेट्टाला आटत्या खाचरातला कठीण काळ काढण्यासाठी मिळाली होती आणि पावसाचे पाणी आले की तो काळ संपत असे. बरणीतला कठीण काळ मात्र माणूस संपवेल तेव्हाच संपतो. इतर मासे निकृष्ट पाण्यात लवकर मरतात आणि त्यांच्या मृत्यूने पालकाला चूक कळते, तर बेट्टा जगत राहतो आणि मंदावतो. म्हणून त्याच्या बाबतीत जिवंत असणे हा पालनाचा निकष होऊ शकत नाही. त्याची हालचाल, त्याची भूक आणि भोवतालाकडे असलेले त्याचे लक्ष हाच निकष मानावा लागतो, आणि त्यात घट दिसताच पाण्याची तपासणी करणे हे पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.